थारमुळीचा ढीग

माझी धाकटी बहीण बना तिसऱ्यांदा पोटुशी राहिली तेव्हा घरात आनंदापेक्षा भीतीच जास्त होती. आधीची दोन्ही पोरं सहाव्या महिन्यातच गेली होती. दोन्ही वेळा सगळ्यांनी "नशीब" म्हणून तोंड मिटलं होतं. तिचा नवरा अर्जुना पलटणीत होता. पासष्टची लढाई नुकतीच थांबली होती आणि त्याला रजा मिळायची काही चिन्हं नव्हती. सासरी ती आणि तिची सासू राहीबाई, दोघीच.

मी तेव्हा सांगलीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते. दिवाळीच्या सुट्टीत जतकडे आमच्या गावी गेले. बनाचं सासर गावातच. तिथं पाऊल टाकलं, तर बनानं मला परसात ओढत नेलं. शेळी बांधली होती त्या खुंट्यापाशी बसून तिनं कमरेची पुडी काढली. आत मातकट रंगाची पूड होती आणि तिला कडवट वास येत होता.

"थारमुळी हाय," बना म्हणाली. "पोटातलं थारतं म्हणं हिनं. मागल्या दोनी येळंला बी घेतलीवती."

"घेतली होतीस? आणि तरी...?"

"सासू म्हणती, तवा सुरू करायला उशीर झाला. म्हणून लागू पडली न्हाई. आता पौष लागला की लगीच देनार हाय."

माझ्या अंगावर काटा आला. उशीर झाला म्हणून गेली, की घेतली म्हणून गेली? दोन्ही बोलणी तितकीच खरी वाटत होती, आणि राहीबाई काही वाईट बाई नव्हती. सुनेसाठी स्वतःच्या ताटातली भाकरी काढून ठेवणारी बाई ती.

"आक्का," बना म्हणाली, "न्हाई घेतली आन काय झालं, तर लोकं म्हणतील, घेतली असती तर वाचलं असतं. घेतली आन काय झालं, तर मी सोताला काय सांगू? तुज्याकडं येवढी पुस्तकं हायती. तू बघून सांग. पौष लागायच्या आत सांग."

मी हो म्हणाले. आमच्या वडिलांनी छप्पन साली देव्हाऱ्यातले टाक गाठोड्यात बांधून विहिरीत सोडले, तेव्हा आम्हा दोघी बहिणींना समोर उभं करून सांगितलं होतं, की आता कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः तपासून बघायचं. मी ते मनावर घेतलं होतं. जरा जास्तच घेतलं होतं, असं माझ्याबरोबर काम करणारे लोक म्हणत. एखाद्यानं सहज "आज पाऊस पडणार" म्हटलं तरी मी "कशावरून?" असं विचारायची.

सांगलीला परतल्यावर मी वनौषधींचं कपाट उघडलं. थारमुळीचं नाव पाच पुस्तकांत सापडलं. पाचही पुस्तकं म्हणत होती की ही मुळी शेळीच्या दुधातून पोटुशा बाईस द्यावी, गर्भ थारतो, अपाय नाही. पाच जाणत्या माणसांचं एकमत! मी पोस्टातून कार्डसुद्धा आणलं, बनाला "बिनघोर घे" असं लिहायला. पण लिहायच्या आधी पुन्हा एकदा पाचही पुस्तकं टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवली. ही माझी सवयच होती. आणि मग माझं डोकं ठणकायला लागलं.

पाचही पुस्तकांत लिहिलं होतं, "हिची फुले निळी असून ती नदीकाठच्या ओलीत वाढते."

आता थारमुळी मी लहानपणापासून बघत आलेली. आमच्या कोरड्या माळावर, जिथे कुसळाशिवाय काही तग धरत नाही तिथे ती उगवते, आणि तिचं फूल पिवळंधमक असतं. आम्ही पोरी ते कानात घालायचो. म्हणजे या पाचांपैकी एकानंही हे झाड डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मग शब्द तपासले, तर वाक्यंही तीच, त्यांचा क्रमही तोच. पाच साक्षीदार म्हणून मी ज्यांच्या भरवशावर बसले होते, तो एकच माणूस पाच सदरे बदलून आला होता. मी ते कार्ड टेबलाच्या खणात टाकलं.

पाचांतलं सगळ्यात जुनं पुस्तक लाल पुठ्ठ्याचं होतं आणि त्याचे लेखक लालासाहेब वैद्य हयात होते. साताऱ्याला, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या एका बोळात त्यांचा दवाखाना होता. मी रजा टाकली आणि इस्लामपूर, कऱ्हाड करत एस.टी.नं साताऱ्याला उतरले.

लालासाहेब साठीचे, उंच, गुडघ्यापर्यंत धोतर नेसलेले. खल पुढ्यात घेऊन काहीतरी कुटत बसले होते. मी नमस्कार केला, पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि विचारलं, "वैद्यबुवा, हे तुम्ही कशावरून लिहिलंत?"

त्यांचा हात थांबला. "बाई, पंचवीस वर्षं माझं पुस्तक खपतंय. आजवर असा प्रश्न मला कुणी केला नाही."

"म्हणून तर करते."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. बाकावर बसलेले रोगी आमच्याकडे टकामका बघत होते. मला वाटलं, आता हे मला बाहेरचा रस्ता दाखवणार. मी घाईघाईनं बनाची सगळी हकीकत सांगितली. दोन पोरं गेली, तिसरं पोटात आहे, सासू पौषात पूड देणार आहे. ऐकता ऐकता त्यांची आठी गेली. त्यांनी खल बाजूला सारला आणि म्हणाले, "आत या."

आत भिंतभर पुस्तकं होती. आधी त्यांनी एक जाडजूड ग्रंथ काढला. "मी यावरून घेतलं." त्यात तेच वाक्य, तीच निळी फुलं. त्या ग्रंथानं ज्याचं नाव दिलं होतं, ते दुसरं पुस्तक काढलं. त्यातही तेच. मग ते स्टुलावर चढले आणि सगळ्यात वरच्या फळीवरून कापडात बांधलेलं एक शिळाछापाचं पुस्तक उतरवलं. ते त्यांच्या आज्याचं होतं. पानं पिवळी पडून इतकी ठिसूळ झाली होती की त्यांनी ती विड्याचं पान लावताना उलटतात तशी अलगद उलटली.

थारमुळी सापडली. लालासाहेबांनी मोठ्यानं वाचलं, "जत संस्थानाकडील सुईणी ही मुळी पोटुशा बायकांस देतात व तीपासून गर्भ थारतो, असे ऐकिले. आम्ही स्वतः पाहिले नाही."

मी पानावर वाकले. निळी फुलं त्याच पानावर होती, पण ती खालच्या दुसऱ्याच झाडाची. उतरवून घेणाऱ्याची नजर घसरली होती आणि पुढच्या सगळ्यांनी ती घसरण जशीच्या तशी जपली होती. मात्र "आम्ही स्वतः पाहिले नाही" हे वाक्य कुणीच जपलं नव्हतं. पहिल्यानंच ते गाळलं आणि मग ते कायमचं गेलं.

मला त्या जुन्या लेखकाचा विलक्षण आदर वाटला. ना ओळख ना पाळख. कधीचा मेलेला माणूस. पुस्तक लिहायला बसलाय, सगळं आपल्याला ठाऊक आहे असा आव आणणं किती सोपं होतं त्याला! तरी त्यानं आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून लिहून ठेवलं. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी खिडकीबाहेर बघू लागले.

लालासाहेबांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "खरं सांगू? मी ही मुळी आयुष्यात कुणाला दिलेली नाही. आमच्याकडे ती मिळतच नाही. पुस्तक भरगच्च व्हावं म्हणून घातली. आणि 'अपाय नाही' हे शब्द माझेच. कुठं काही अपाय लिहिलेला दिसला नाही, म्हणून मी तसं घालून टाकलं. पुढं बाकीच्या चौघांनी ते माझ्यावरून उचललं असणार."

मी त्यांचं लाल पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं.

"जतला जा," ते म्हणाले. "मूळ तिथं आहे. सुईणींना विचारा. जे काही कळेल ते मला कळवा. माझ्या विरुद्ध असलं तरी कळवा."

म्हणजे जतची बातमी काढायला मी सांगलीहून साताऱ्याला गेले आणि साताऱ्यानं मला परत जतला धाडलं. परतीच्या एस.टी.त माझं मलाच हसू येत होतं आणि काळजानं ठाव सोडला होता. पौष चार दिवसांवर आला होता.

बनाच्या सासरी पोचले तर राहीबाईनं दुधासाठी शेळी वेगळी बांधून ठेवली होती. मी सुईणींचा विषय काढताच ती म्हणाली, "सुईनीला काय इचारायचं त्येत? सातारच्या वैद्याच्या पुस्तकात हाय. मास्तरांनी चावडीत वाचून दावलंय सगळ्यांस्नी. तवापासनं बाजारात पुड्या याया लागल्यात."

मी डोक्याला हात लावला. जुन्या काळी जतहून निघालेली ऐकीव गोष्ट पुस्तकांतून फिरून फिरून, छापील होऊन, जतलाच परत आली होती.

आमच्या भागातली सगळ्यात जुनी सुईण हरणाबाई. धनगराची म्हातारी, पाठीतून पार वाकलेली. सगळे तिला अव्वा म्हणायचे. माझी नाळ तिनंच कापली होती. मी तिच्या खोपटात जाऊन विचारलं, "अव्वा, थारमुळी पोटुशीला चालते का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्यामागे आलेल्या बनाकडं आणि दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहीबाईकडं पाहिलं. "हितं बसून सांगण्यात मजा न्हाई," ती म्हणाली. "चला, दावती. दमादमानं चला, पोरीला धाप लागाय नगं."

ती आम्हाला गावाबाहेरच्या आयांच्या माळावर घेऊन गेली. लहानपणी तिकडे फिरकायचं नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद होती. आम्ही पोरं समजायचो की तिथे भुतं असतात. चढ संपला आणि मी जागच्या जागी थांबले.

माळभर दगडांचे ढीग होते. काही गुडघ्याइतके, काही छातीइतके, काहींत मोजकेच दगड. प्रत्येक ढिगाच्या माथ्यावर एकेका झाडपाल्याची वाळकी काडी खोचलेली. एरंड मला ओळखू आला, घायपात ओळखू आली, बाकीच्या काड्या माझ्या ओळखीच्याही नव्हत्या. नजर जाईल तिथवर ढीग. वारा सुटला होता आणि काड्या एकदमच थरथरत होत्या. शेंदूर नाही, झेंडा नाही, नारळाची करवंटी नाही. कुठल्याही देवळात कधी झालं नव्हतं ते मला झालं. पायातल्या चपला मी कधी काढल्या ते माझं मलाच कळलं नाही.

"हे काय आहे, अव्वा?"

"चुका," हरणाबाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. आसपासच्या गावांतल्या सुईणी, मराठी बोलणाऱ्या, कानडी बोलणाऱ्या, सगळ्या जातींच्या, वर्षातून एकदा माघातल्या अवसेला इथं जमतात. जिच्या हातानं दिलेल्या औषधानं एखादीचं भलं झालं असेल, ती मूठभर जोंधळा माळावर उधळते. आणि जिच्या औषधानं वाईट झालं असेल, ती सगळ्यांसमोर औषधाचं नाव घेऊन त्या ढिगावर दगड ठेवते. नक्की त्यानंच झालं असं ठाऊक असेल तर थोरला दगड. नुसती शंका असेल तर धाकला.

"आन जोंधळा?" राहीबाईनं विचारलं.

"जोंधळा पाखरं खात्यात. भलं केलं त्ये पाखरांनी खावं. चूक तेवढी ऱ्हावी. फुडच्या बाईला त्येचाच उपेग."

मला एकदम सांगलीचं माझं कपाट आठवलं. त्यातल्या सगळ्या पुस्तकांत गुण भरले होते. अमक्यावर रामबाण, तमक्यावर अक्सीर. कुणाला काय बाधलं, हे कुठल्याच पानावर नव्हतं. आणि इथे अक्षरओळख नसलेल्या बायकांच्या किती पिढ्यांनी फक्त तेवढंच साठवून ठेवलं होतं. आपल्याच हातून झालेलं, सगळ्यांना दिसेल असं, उघड्या माळावर. मी आयुष्यात यापेक्षा मोठं काही पाहिलं नव्हतं. आजही पाहिलेलं नाही.

"इथं कुठला देव आहे?" मी विचारलं. आम्ही देव सोडलेले, म्हणून विचारलं.

"देव न्हाई हितं," हरणाबाई म्हणाली. "देव असता तर आमी त्येच्यावरच ढकललं असतं."

थारमुळीचा ढीग माळाच्या कडेला होता, माझ्या खांद्याइतका. बनानं माझा दंड घट्ट धरला. मी ढिगाभोवती फिरले आणि मला दिसलं की तो सगळा एका रंगाचा नाही. तळाचे दगड काळेकुट्ट, शेवाळून वाळलेले, आणि ढिगाचा बहुतेक भाग त्यांचाच. त्यांच्यावर राखाडी दगडांचा अगदी पातळ थर. आणि माथ्यावर पुन्हा कोरे, कालपरवा उचलल्यासारखे दगड.

"आमच्या आज्ज्या द्यायच्या पोटुशीला," हरणाबाई म्हणाली. "लय भरवसा हुता त्येंचा. मग ढीग वाढाय लागला. वाढत वाढत एवढा झाला तवा त्यास्नी उमगलं आन त्येंनी सोडली. आमी तर कवा दिलीच न्हाई. आता ही बाजारची पुडी आली. घरची मानसं आयकत न्हाईत, सुईनीला द्याया लावत्यात. म्हणून पुन्यांदा दगड याया लागलं."

मग मला सगळं लख्ख दिसलं. तो जुना लेखक काळ्या दगडांच्या काळात जतच्या बाजूला आला असणार. त्यानं ऐकलं ते त्या दिवशी खरंच होतं, सुईणी देत होत्या. त्यानं लिहिलं आणि ते तिथेच थांबलं. ढीग मात्र थांबला नाही. आज्ज्यांचं मत बदललं तसा ढिगाचा रंग बदलला. पुस्तकाला ते कळवायला कुणी गेलंच नाही.

तरी माझा स्वभाव मला गप्प बसू देईना. "अव्वा, जिला मुळी घेऊन काहीच झालं नाही, तिचा दगड इथं नाही. खूप जणींनी घेतली असेल तर ढीग मोठा होणारच. म्हणजे मुळी वाईटच असं कसं म्हणायचं?"

राहीबाईनं मान जोरजोरात डोलावली. पहिल्यांदाच तिला माझं काही पटलं होतं.

हरणाबाई रागावली नाही. उलट खुशीत आली. "बराबर इचारलंस. ढीग असं म्हणतच न्हाई की ही विख हाय. ढीग म्हणतोय, थांब, इचार कर. घेटलीच पायजे असं काय अडलंय का? हिची पोरं कशानं गेली ते मला ठावं न्हाई. मुळीनं गेली असतील, दुसऱ्या कशानं गेली असतील. हिला सांगलीच्या डाक्टरला दाव. पर मुळी नगं."

"व्हय," राहीबाई एकदम कडाडली, "म्हंजी सातारचा वैद्य खोटा आन ही दगडं खरी! आन मी काय केलं मग? मी माज्या नातवंडांस्नी मारलं म्हणतीस व्हय, अव्वा?"

"तसं कुनी म्हणत न्हाई. वैद्य बी खोटा न्हाई. त्येला कुनी सांगिटलंच न्हाई."

"मला आयकायचं न्हाई," राहीबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून एकटीच माळ उतरून गेली. तिची पाठ हलत होती. बना तिच्यामागे जायला लागली, पण हरणाबाईनं तिला थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी गेले, तर राखेत पुडीचा कागद अर्धवट जळून पडला होता आणि घरभर कडवट वास पसरला होता. दुधासाठी बांधलेली शेळी पुन्हा कळपात गेली होती. राहीबाईनं बनाच्या कपड्यांचं गाठोडं बांधून माझ्यापुढे ठेवलं. "ने हिला सांगलीला," एवढंच म्हणाली.

मी बनाला घेऊन आले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पडून राहायला सांगितलं, गोळ्या दिल्या. मी त्यांनाही विचारलं, की आधीची दोन का गेली? त्या म्हणाल्या, "आता सांगता येणार नाही." माझा त्यांच्यावर एकदम विश्वास बसला. सहावा महिना आम्ही दोघींनी कसा काढला, ते आमचं आम्हाला ठाऊक. बनानं जरा कूस बदलली तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं. सहावा सरला, सातवा सरला. वैशाखात बनाला मुलगी झाली, काळीसावळी, आणि रडणं असं की वॉर्डातल्या बाकीच्या बाया कानांवर हात ठेवायच्या.

मी लालासाहेबांना सगळं सविस्तर कळवलं होतं, काळ्या आणि कोऱ्या दगडांसकट. त्यांचं एकाच ओळीचं कार्ड आलं. "माघातली अवस कधी आहे ते कळवा."

पुढच्या माघातल्या त्या अवसेला ऊन लवकरच चढलं. माळावर बायका जमल्या होत्या, कुणी मराठीत बोलत होत्या, कुणी कानडीत. भाकऱ्यांच्या दुरड्या बाभळीखाली ठेवल्या होत्या. लालासाहेब पहाटेच्या एस.टी.नं आले होते. रिकाम्या हातांनी ते कडेला उभे होते. माळावर पाऊल ठेवल्यापासून नुसते एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडे बघत होते. एकदा मात्र माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बाई, आम्ही कसली पुस्तकं लिहितो हो!"

आधी जोंधळा उधळला गेला. पाखरं आलीच. मग एकेक बाई पुढे येऊ लागली. औषधाचं नाव, काय झालं, कुठल्या महिन्यात. दगड ठेवायचा. कुणी बोल लावत नव्हतं, कुणी कीवही करत नव्हतं. दगड ठेवून झाला की शेजारची बाई दुरडीतली भाकरी काढून तिच्या हातात द्यायची. ती तिनं तिथेच, सगळ्यांत बसून खायची. म्हणजे तू आमच्यातलीच.

इतक्यात चढावरून राहीबाई येताना दिसली. आम्ही तिला बोलावलं नव्हतं. बोलवायची आमची छातीच झाली नव्हती. तिच्या कडेवर नात होती. वर येऊन तिनं पोर बनाकडे दिली आणि थेट हरणाबाईपुढे उभी राहिली.

"अव्वा, मी सुईन न्हाई."

"जिनं दिली तिनं ठेवायचा. मग ती कुनी का असंना."

राहीबाईनं घसा खाकरला. "थारमुळी," ती म्हणाली. "माज्या सुनंला मी दिली. दोन येळा. सहाव्यात गेली दोनी." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "अव्वा, थोरला ठेवू का धाकला?"

"त्येनंच झालं, असं ठावं हाय का तुला?"

"न्हाई. जल्मात ठावं हुनार न्हाई."

"मग धाकला."

राहीबाईनं वाकून दोन खडे उचलले, पदराला पुसले आणि ढिगाच्या माथ्यावर एकाशेजारी एक ठेवले. बना रडत होती. त्या दोन पोरांना नाव नव्हतं, खूण नव्हती, नशीब या एका शब्दाखाली ती गाडली गेली होती. आज ती मोजली गेली. मी बनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मीही रडले, लाज न बाळगता. कुणीतरी राहीबाईच्या हातात भाकरी दिली.

आता सगळं झालं असं वाटून बायका बसायला लागल्या. तेव्हा लालासाहेब पुढे आले. त्यांच्या मुठीत एक दगड होता.

"थारमुळी," ते म्हणाले. "मीही दिली."

"कुनाला?" हरणाबाईनं विचारलं.

"ठाऊक नाही."

"किती जनींस्नी?"

"तेही ठाऊक नाही. माझं पुस्तक जिथं जिथं गेलं, तिथं तिथं."

हरणाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिच्यापुढे असा माणूस कधी उभा राहिला नसेल. थोरला की धाकला, एक की किती, तिला काही सांगता येईना. लालासाहेबांचा हात पुढे केलेला तसाच राहिला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

राहीबाई उठली. अर्धी खाल्लेली भाकरी डाव्या हातात, उजव्या हातानं तिनं लालासाहेबांचं मनगट धरलं आणि त्यांना ढिगापाशी आणलं.

"हितं ठेवा, वैद्यबुवा," ती म्हणाली. "माज्या दोघांच्या शेजारी. बाकीच्यांचं आपल्याला ठावं न्हाई. ह्या दोघांचं तरी ठावं हाय."

त्यांनी दगड ठेवला. राहीबाईनं आपल्या भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातावर दिला आणि दोघं जण त्या ढिगापाशी बसून खाऊ लागली.